तिसरा पिक्चर

आमच्या भुजंगरावांना दोनच गोष्टींना नाही म्हणता येत नाही: उन्हाळ्यात आमरसाला आणि बाराही महिने पिक्चरला. तरुणपणी टेंभुर्णीहून सायकल हाणत तंबूतला पिक्चर बघायला जाफराबादला जायचे. आमची तृप्ती त्यांचीच लेक. बापाची नाडी तिला बरोबर ठाऊक.

ती पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीनंतर तिने फोनवर सांगितलं की अब्नेर नवगावकर नावाचा मुलगा तिला पसंत आहे, ठाण्याचा आहे, ज्यू आहे आणि त्यांच्या घरी मराठीच बोलतात. ह्यांनी शेवटचं ऐकलंच नाही. "ज्यू म्हंजी ते भाहीरदेशचे ना? त्यांच्यात गेलीस तर तू आमाला मेलीस," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर पोरीशी बोलणं बंद. तिचंही एकच: बाबांचा होकार नसेल तर लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच नाही. दोघं सारखेच हट्टी, आणि मी मधे अडकित्त्यातली सुपारी.

मग जानेवारीत तिने माझ्या मोबाइलवर एक पास पाठवला. पुण्यात ज्यू चित्रपट महोत्सव भरला होता आणि त्यातले सिनेमे घरबसल्या टीव्हीवरही बघता येत होते. एका पासावर तीन, कुठले ते आपण निवडायचे. सोबत निरोप होता: अब्नेरची आई रविवारी आपल्याकडे येतेय. तोवर बाबांनी त्या लोकांना बघून घ्यावं, मग खुशाल नाही म्हणावं.

"रईवारीच कामून? शनवारी दुकान बंद राह्यतं माझं," हे म्हणाले. ह्यांचं बी-बियाणाचं दुकान आहे.

"शनवार पाळतेत त्यांच्यात, कुठं निघत न्हाईत म्हणं."

"बघ, आत्तापासूनच नाटकं."

"अन् तुमी आवसंला ट्रॅक्टर तरी भाहीर काढता का?"

"ते येगळं."

यादी मात्र लगेच उघडली. चष्मा लावून एकेका सिनेमाची माहिती वाचत बसले. मी शेजारी मेथी निवडत होते. निवडणं दोघांचंही चाललं होतं, फक्त मी चांगलं पान ठेवत होते आणि हे किडकं शोधत होते.

"ह्यो लग्नाचा घेऊ. काय काय करतेत ते कळंल. अन् ह्यो बापलेकीचा."

"अन् ह्यो?" मी एका फोटोवर बोट ठेवलं. त्यात हिरव्या बांगड्या घातलेले हात होते. "कोकणातला दिसून राह्यला. मराठी हे."

"मराठी पिक्चरमधी मराठी मानसंच दिसतील. मला ते लोक बघायचे हेत. चुकून आला असंल यादीत."

तिसरा कुठला ते नंतर ठरवू म्हणाले.

गुरुवारी पहिला लावला. कुठल्याशा बर्फाच्या गावातलं लग्न. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि मी जुळवून वाचेपर्यंत पळायची, म्हणून हेच मोठ्याने मराठीत सांगत होते. शेवटी नवऱ्या मुलाने पायाखाली काच फोडली.

"भर मांडवात काच फोडली. लक्षण हे का हे?"

"आपण नारळ फोडतो."

"नारळ खाता येतो."



दुसऱ्या दिवशी बापलेकीचा. बाप शिंपी. पोरीने परधर्मात लग्न केलं, तर त्याने कोटाची कॉलर फाडली आणि मयत झाल्यासारखा बुटक्या स्टुलावर सुतकात बसला. शेजारीपाजारी जेवण घेऊन येत होते. बायको त्याला काहीतरी विनवत होती. तो हळूच बोलला आणि ह्यांनी सवयीने सांगून टाकलं, "तिचं नाव काढू नको. ती आपल्याला मेली."

आवाज ह्यांचा, वाक्यही ह्यांचंच. पुढची अक्षरं आली आणि गेली, ह्यांनी ती सांगितलीच नाहीत. पडद्यावरची आई दाराआड उभी राहून रडत होती. ते कळायला मला इंग्रजी लागत नव्हतं. मला ह्यांचा फार राग आला, आणि लगेच फार कीवही आली.

सिनेमा संपल्यावर म्हणाले, "म्हंजी त्यांना बी आपण चालत न्हाई तर." नकार द्यायचा हक्क समोरच्यालाही असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी शेगुलाबाई नवगावकर आल्या. सुती काठाची साडी, गळ्यात काळी पोत, हातात फळांची पिशवी. मिस्टरांचे गुडघे दुखतात म्हणून एकट्याच निघाल्या होत्या. भाकरी मोडून खाल्ली आणि ठेचा मागून घेतला. हे आडून आडून बघत होते. चहा झाल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"ताई, साफच इचारतो. तुमचं काय म्हणनं हे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "खरं सांगू भाऊ? मीही अजून हो म्हटलेलं नाही. आमच्यातले निम्मे इस्रायलला गेले, इथे मूठभर उरलो. एखाद्या पोराने बाहेर लग्न केलं की माझी आई म्हणायची, घरातला एक दिवा गेला. मी तुम्हाला बघायला आले. नाही म्हणायला काही सापडतंय का, ते बघायला."

आमचे भुजंगराव कितीतरी दिवसांनी हसले. "मी बी तेच करून राह्यलो. दोन पिक्चर पाह्यले त्याच्यापायी."

"कुठले?"

ह्यांनी सांगितले. दुसऱ्याचं ऐकून बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीला तसंच केलं होतं. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटच्या दुखण्यात मात्र तिलाच हाका मारत होते."

मी घाईने म्हणाले, "अजून एक पिक्चर राह्यला हे पासावर. ताई, तुमीच निवडा."

बाईंनी यादी खाली खाली नेली आणि हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवलं. "हा आमच्या लोकांचा, कोकणातल्या ज्यूंचा." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

कोकणातलं गाव, लग्नघर. हळद, बांगड्या, खोबरं किसणाऱ्या बायका. परातीत भिजवलेले पोहे, त्यात नारळ, गूळ, भोवती फळं. "हा मलिदा. एलियाहू पैगंबराचे आभार मानून सगळ्यांना वाटायचा," बाईंनी सांगितलं. माणसं आधी हिब्रूत काही म्हणाली आणि मग मराठीत गायला लागली. सवय लागली होती म्हणून हे मधूनच बोलणं मोठ्याने सांगायला लागले.

"अहो, कळून राह्यलं मला. मराठीच हे."

"हा. बराबर."

शेवटी नवरीचा बाप व्याह्यांसमोर हात जोडून उभा राहिला. "चुकलंमाकलं पदरात घ्या. पोर सांभाळा." माझ्या बापाने ह्यांच्या वडिलांना हेच म्हटलं होतं, ह्याच घराच्या दारात. आता कुणी सांगायची गरज नव्हती, तरी हे पुटपुटले, "पोर सांभाळा म्हणतो."

टीव्ही बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. "उषे, तृप्तीला फोन लाव."

मी लावून दिला. पलीकडून "बाबा?" ऐकू आलं. ह्यांनी फोन कानाला धरला. मग फोन तसाच धरून बाईंकडे वळले.

"विहीणबाई, त्या मलिद्याला पोहे जाडे लागतेत का पातळ?"

बाईंनी फोनकडे बघितलं. त्यांचाही होकार अजून यायचाच होता. फोनमधून तृप्तीचं रडणं मला बसल्या जागी ऐकू येत होतं, म्हणजे बाईंनाही येत असणार.

"जाडे," बाई म्हणाल्या. "पोहे तुम्ही भिजवा. नारळ आम्ही आणू."