येतो आणि येईन

“हा वचनाचा काळ,” फळ्यावर ‘आय विल कम’ लिहून सेरवा मुलांना म्हणाली. “विल म्हटलं की माणूस शब्दात अडकला.”

“मॅडम, आमचे बाबा ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणतात आणि उठून चालायला लागतात,” मागच्या बाकावरून अब्रेफी म्हणाली. “तो कुठला काळ?”

वर्ग खिदळला. घानातल्या टेचिमान गावात घरातून निघालेला प्रत्येक जण ‘येतो’च म्हणतो. सेरवाही हसली. तिचा प्रियकर बोआडूही कुमासी शहराला जाताना तेवढंच बोलला होता. तिने हट्ट धरला होता, “येईन म्हण.”

“मास्तरीणबाई, मला काय परीक्षेला बसायचंय?” म्हणत त्याने सुरणाचा ट्रक चालू केला होता. येत्या शनिवारी तो घरच्यांना घेऊन, रिवाजाप्रमाणे मद्याच्या बाटल्या घेऊन तिला मागणी घालायला येणार होता.

शनिवारी मामा सकाळपासूनच खांद्यावर ठेवणीतलं कापड टाकून अंगणात बसले. सेरवा फाटकापाशी जाई, चुलीपाशी येई, पुन्हा फाटकापाशी.

“अगं, बूड टेक की!” मावशी फुफूच्या गोळ्यांसाठी उकडलेले कंद कांडता कांडता ओरडली. “फाटक झिजवून गाडी लवकर येत नसते.”

ऊन कलल्यावर फोन आला.

“सेरवा, रागावू नकोस. घरातली माणसं जमलीच नाहीत बघ. पण मी येईन. देवाशपथ येईन.”

इतके महिने ती याच शब्दाला आसुसली होती. तो कानावर पडला आणि सोमवारी शिकवायचा पुढचा नियम तिला आठवला: बोलता बोलता जे सुचतं त्याला विल. आधीच ठरलेल्या बेताला इंग्रजीत दुसरंच रूप लागतं. बोआडूने काहीच ठरवलं नव्हतं. तिला संताप आला आणि मामांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फोन ठेवला.

“काय म्हणतोय?” मामांनी विचारलं.

“येईन म्हणतोय.”

“म्हणजे येणार ना?”

“नाही मामा. येणार वेगळं, येईन वेगळं.”

मावशीने मुसळ बाजूला ठेवलं.

फोन पुन्हा वाजला. “सेरवा, थांबशील ना माझ्यासाठी?”

“थांबेन की,” ती म्हणाली.

मग फोन बंद करून तिने बोआडूसाठी झाकून ठेवलेलं मटण मामांच्या वाडग्यात वाढलं.