सेक्रेटरीच्या दाराची स्प्रिंग

सोडणार नाही त्याला, असं मी ताईच्या उशाशी बसून म्हटलं होतं, आणि मी बोलले की करते. आमच्या समोर राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्वयंपाकघरात आग लागली. तो आईला घेऊन खाली पळाला आणि मागे फ्लॅटचं दार सताड उघडं राहिलं. आग नि धूर अडवणारं दार ते, आपोआप लागायला हवं होतं. पण दार ओढून लावणाऱ्या वरच्या क्लोजरची दांडी त्याने कधीच काढून ठेवली होती. सगळा धूर जिन्यात, आणि जिन्यात माझी ताई. आता ती एक वाक्य दोन श्वासांत बोलते. आणि हा शहाणा मीटिंगमध्ये म्हणतो, "झालं गेलं विसरून जाऊ." तुझं काय गेलं रे मेल्या, एक ओटा नि दोन कपाटं!

दारं बसवणं हा माझा धंदा. इमारतीला नवी दारं लावायचं काम मलाच मिळालं, देवच पावला म्हणायचा. बाकीच्यांची दारं मायेने बसवली. दार वीतभर उघडून सोडायचं. हात न लावता चौकटीत जाऊन लॅच लागला पाहिजे. नुसतं टेकलेलं दार म्हणजे उघडंच दार. सेक्रेटरीच्या दाराची स्प्रिंग मात्र पार शेवटपर्यंत पिळली, आणि दांडी पुन्हा काढता येऊ नये म्हणून तिच्या स्क्रूंची डोकी घासून टाकली. पिशव्या घेऊन आत शिरला की दार टाचेवर बसायचं. "आई गं!" ऐकू आलं की माझा चहा गोड लागायचा.

आला एकदा तोंड वेंगाडत. "जरा सैल करून द्या ना."

"सैल केलं नि नाही लागलं तर? परत धूर सोडायचाय का जिन्यात?"

आल्या पावली परत गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग एक दिवस ताईने विचारलं, "मावशी... का येत नाहीत गं?" मावशी म्हणजे सेक्रेटरीची आई. आग लागल्यापासून रोज दुपारी यायची, ताईचे केस विंचरायची. "पोराची बाजू घेतली असेल," मी म्हटलं आणि कामाला निघाले.

बाहेर आले तर समोरचं दार चार बोटं उघडलं आणि धाडकन लागलं. परत उघडलं, परत लागलं. मी ढकललं. आत मावशी, दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून, घामाघूम.

"तो कामावर गेला की मी कोंडलेली," ती म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टूल आणलं, वर चढले, पाना लावला.

"पहिलं दारही असंच घट्ट होतं गं," ती खालून म्हणाली. "मीच मागे लागून दांडी काढायला लावली. तो नको म्हणत होता. मीटिंगमध्ये सांगते म्हटलं, तर त्याने मलाच गप्प बसवलं. तुझ्या ताईचे केस विंचरताना रोज ओठावर यायचं आणि रोज गिळायचे."

हात थांबला. इतके दिवस ज्याला शिव्या मोजल्या, तो आईला पाठीशी घालत होता. मग माझा राग आता कुणावर काढू? एक उलटा फेरा दिला की ही बाई परत आत कोंडली. खरं सांगते, अर्धा फेरा दिलाही.

तेवढ्यात आमचं दार किलकिलं झालं. ताई चौकटीला धरून उभी. "मावशी... येताय ना?" एवढं बोलून दमली आणि आत वळली.

मी स्प्रिंग सैल केली. वीतभर उघडून सोडलं. दार सावकाश गेलं, लॅच लागला. मावशीने एका हाताने उघडलं आणि बाहेर आली. मी वाटेतच उभी होते.

"तिला सांगणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

"मी कशाला? तुम्ही सांगायचं. आत्ता."

"सोसवेल का गं तिला?"

"श्वास गेलाय तिचा. कान शाबूत आहेत."

मावशीने पदराने तोंड पुसलं. मी बाजूला झाले. ती आमच्या घरात गेली, मागोमाग मी. दार आपलं आपण लागलं, आणि मी त्याला पाठ लावून उभी राहिले.