रूपरावच्या नावाचा वाडगा

या हो, असे जवळ सरका. सतरंजीच्या कडेला टेकलेल्यांनीही पुढे यावे, इथे कुणाची राखीव जागा नाही. आज राजाची गोष्ट नाही, ऋषीचीही नाही. गोष्ट आहे वाडगाभर कालवणाची आणि ते ज्याच्या नावाने रांधलं त्या माणसाची. ऐकता ऐकता भूक लागली तर मात्र मला बोल लावू नका.

तर नाचणगावात चैत्राची सकाळ होती आणि देवकाबाई किसलेलं खोबरं धुतल्या पंच्यात बांधून पिळत होती. दोन्ही हातांनी पीळ घालावा, पांढरंशुभ्र दूध खालच्या गंजात पडावं, पुन्हा कोमट पाणी घालावं, पुन्हा पीळ. तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून मनकर्णाबाईंचं डोकं वर आलं.

"काय पिळून राह्यली वो देवका?"

"नारळ."

"अवो, नारळ देवापुढं फोडते मानूस! तू त्याचं दूध काढून राह्यली, म्हशीवानी?"

"मंग? तुमच्या म्हशीनं काल बादली लाथाडली म्हनत होत्या ना? माहा नारळ कुनाले लाथ मारत नाई."

मनकर्णाबाई खुदकन हसल्या. पण त्यांची नजर सुपातल्या शेवयांवर गेली आणि हसू तिथंच राहिलं.

"ह्या शेवया खिरीच्या ना?"

"नाई. रस्स्याच्या. तिखटाच्या."

"आज? काल्याच्या वाडग्यात? माय माय माय!"

डोकं भिंतीमागे गेलं. देवकाबाईची फोडणी तडतडायच्या आधी बातमी मारुतीच्या पारावर पोचली होती.

इथे त्या गावाची रीत सांगायला हवी. मारुतीच्या देवळात चैत्रात सप्ताह बसे. शेवटच्या दिवशी काला. त्या सकाळी एका बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, भलामोठा गंज ठेवून पंच गावातून फिरत, बरोबर कीर्तनकार महाराज, टाळकरी. दारोदारची भाजी त्या एकाच गंजात पडे. कुणाची वांग्याची, कुणाची भोपळ्याची, कुणाची पातळ पाटोडी. सगळं ढवळून एक होई आणि त्याच भाजीशी गाव जेवे. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्या घराने गेलेल्याच्या आवडीची भाजी द्यायची. मग कीर्तनात महाराज ते नाव मोठ्याने घेत, आणि गावाचा असा भाव की त्या दिवशी तो माणूस देवाच्या पंगतीला बसून आपल्या आवडीचं खातो. नाव घ्यायचं ते एकदाच, त्याच वर्षी. चुकलं ते चुकलं.

देवकाबाईचा नवरा रूपराव पौषात छातीच्या दुखण्याने गेला होता. यंदाचा वाडगा त्याचा.

आणि रूपरावच्या आवडीचं काय, तर हेच.

देवकाबाईचा जन्म ब्रह्मदेशातला. तिचे वडील तिकडे मंडालेला शिवणकाम करीत. तिथल्या सरकारने दुकानं ताब्यात घेतली तेव्हा ही मंडळी एक ट्रंक आणि शिवणयंत्राचं नुसतं डोकं घेऊन बोटीने परत आली. मुलगी लग्नाची होती, पुलगावच्या गिरणीत कामाला असलेल्या रूपरावशी तिची गाठ पडली. गाव तिला 'रंगूनवाली' म्हणू लागलं. ती म्हणायची, "बाप्पा, रंगून म्या पाह्यलंच कुठं? बोटीत बसाले गेलती, तेवढंच." पण गावाने एकदा दिलेलं नाव काही उतरत नाही.

लग्नाच्या वर्षीच सासू लेकीकडे हिंगणघाटला गेली होती. घरात दोघंच. देवकाने मनाचा हिय्या केला आणि माहेरचं कालवण रांधलं. तिकडे त्याला खाऊस्वे म्हणत. नारळाच्या दुधाचा हळदीने पिवळा झालेला रस्सा, त्याला दाटपणा यायला पाण्यात कालवलेलं बेसन, आणि तिकडच्या लांब सुतांच्या जागी इथल्या गव्हाच्या शेवया. वरून तळलेला कांदा, तेलात परतलेलं लाल तिखट, कोथिंबीर, लिंबू. रूपराव गिरणीतून पाळी संपवून आला, पाटावर बसला, एक घास खाल्ला आणि थांबला. 

"ही खीर हाय का रस्सा?"

"तुमाले काय वाटते?"

"मले वाटते का आनखी वाढ."

त्या दिवसापासून त्याच्या सुट्टीचं जेवण ठरलं ते ठरलं. कधी अंडी घालून, कधी नुसतंच. डब्यातही नेई. दुखण्यात दुसरं काही गिळवत नसे, पण याचे दोन चमचे मागून घेई आणि डोळे मिटून तोंडात घोळवी.

म्हणून आज देवकाबाईने सगळं सोवळ्यासारखं केलं होतं. नवा गंज. कांदा-लसूण नाही. वाळल्या मासोळीचा तिकडचा खार तर तिने कधीच सोडला होता. रस्सा उकळू लागला, तसा आल्याचा आणि नारळाचा वास अंगणापर्यंत गेला. नलू, तिची चौदा वर्षांची लेक, चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, वांग्याची कर ना. सारेच आनतात. पोरी हसतीन मले."

"हसू दे. हसून पोट भरत नाई कुनाचं."

टाळांचा आवाज जवळ आला. बंडी दारात थांबली. पुढे अण्णाजी. देवस्थानचे मुख्य पंच, माणूस चांगला, पण चारचौघांच्या तोंडाकडे पाहून बोलणारा. बंडीच्या बाजूला जाम गावाहून आलेले नानाजी महाराज, हातात चिपळ्या. गावच्या काल्याचं कीर्तन वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच.

देवकाबाई पदर खोचून वाडगा घेऊन पुढे झाली. अण्णाजींनी गंजावर आडवा हात धरला.

"देवकाबाई, जरा थांबा. ह्या गंजात सारं गाव जेवते. लोकाइचं म्हननं हाय का तुमच्या तिकडच्या कालवनात मासोळीचा खार असते."

"ह्याच्यात नाई. कांदा बी नाई, लसून बी नाई. चाखून पाहा."

"चाखाचा सवाल नाई ना. शेवया अन् तिखट, हे काय आपलं खानं होय? लोक उठून जातीन पंगतीतून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा बाई, मी मारग काढतो. रूपरावले वांगं आवडत नव्हतं काय? वांगं कोनाले नाई आवडत? वाडगाभर वांग्याची टाका. महाराज नाव घेतीन. झालं, मिटलं."

"घे वो देवका," भिंतीवरून मनकर्णाबाई खरोखर कळवळून म्हणाल्या, "माह्या घरची घे, आत्ताच उतरवली. कोनाले समजते?"

नलूने मागून पदर ओढला.

सांगतो तुम्हाला, तो क्षण सोपा नव्हता. एका वाडग्याचं काम. शेजारणीच्या वांग्याला हात लावला की दुपारी भोंग्यावरून रूपरावचं नाव साऱ्या गावावर घुमणार होतं. नाहीतर नाही. आज नाही तर कधीच नाही. देवकाबाईने वाडग्यातल्या पिवळ्या रश्श्याकडे पाहिलं.

"अण्णाजी, माहा मानूस वर देवाच्या पंगतीत बसला असीन. देव म्हनीन, घे रूपराव, तुह्या घरून आलं, तुह्या आवडीचं. अन् तो मोठ्या आशेनं पाह्यीन, त काय? वांगं! जित्तेपनी म्या त्याले कधी फसवलं नाई. आता मेल्यावर फसवू? अन् तेबी देवाच्या देखत?"

बंडीमागे कोणीतरी हसलं. अण्णाजींचा चेहरा कडक झाला.

"रीत ते रीत, बाई."

"रीत? रीत त अशी हाय का गेलेल्याच्या आवडीचं द्या. रीत मी पाळून राह्यली, तुमी मोडून राह्यले." आणि ती महाराजांकडे वळली. "महाराज, दरसाली काल्याच्या कीर्तनात तुमी सांगता का नाई, का गोपाळाइनं काला खाल्ला अन् त्याइच्या हाताचं उष्टं भेटावं म्हून सारे देव यमुनेत मासोळ्या होऊन आले? मी त दरसाली रडतो ते आयकून. देव सोता मासोळ्या झाले, अन् माह्या वाडग्यात नसलेल्या मासोळीच्या वासानं ते परत जातीन काय?"

टाळ थांबले. महाराज चिपळ्यांकडे पाहत राहिले. भला माणूस होता. पण गळा गोड असला म्हणून कणा ताठ असतोच असं नाही.

"माई," ते हळू म्हणाले, "मी पाहुणा. गावाच्या पानावर जेवणारा. पंच म्हणतील तसं."

"हाका बंडी," अण्णाजी म्हणाले.

बंडी पुढे गेली. वाडगा देवकाबाईच्या हातात तसाच. नलू रडायला लागली.

"रडू नको," देवकाबाई म्हणाली. "पाट टाक. अंगनात, कडुनिंबाखाली. गार झालेलं तुह्या बापाले आवडत नव्हतं."

"अंगनात? साऱ्याइच्या समोर?"

"चोरून खाले आपून काय चोरी केली? टाक पाट."

तीन पाट टाकले. एक रूपरावचा. गंज बाहेर आणला, शेवयांची परात आणली. आता देवाच्या वाडग्याचं बंधन नव्हतं, म्हणून तिने कढई ठेवून कांदा लालभडक तळला, त्याच तेलात तिखट परतलं. त्या वासाने रस्त्यावरची दोन माणसं शिंकली. तेवढ्यात भिंतीवरून एक हात आला, हातात लिंबू.

"मी काही खानार नाई हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पन लिंबू घे. बिगर लिंबाचं बरं लागत नसीन ते."

"तुमाले काय ठाऊक कसं लागते?"

"वासावरून सांगतो ना वो! सतरा वेळा इचारशील काय?"

रस्त्यावरून गोमाजी चालला होता. नाल्यापलीकडच्या वस्तीतला गोंड माणूस, गिरणीत रूपरावचा जोडीदार, त्याच्याच शेजारच्या यंत्रावर उभा राहणारा. पाळी करून घरी निघाला होता. फाटकापाशी थबकला.

"वहिनी, हा वास मले ठाऊक हाय. रूपरावचा डबा."

"या भाऊजी. बसा."

"अंगनात बसू?"

"पाट दिसून राह्यला ना?"

तो रूपरावच्या पाटाकडे पाहून जमिनीवरच बसायला लागला. देवकाबाईने तोच पाट त्याच्यापुढे सरकवला.

मग जेवण झालं. काय सांगू! आधी शेवयांचा गुंता, त्यावर वाफाळता रस्सा, तो शेवयांत मुरतो न मुरतो तोच लिंबाची पिळणी, वर कुरकुरीत कांदा. पहिल्या घासाला नारळाची गोडी, मग आलं, आणि सगळं उतरून गेल्यावर मागून येणारं तिखट, कानशिलं गरम करणारं. गोमाजीच्या कपाळावर घाम डवरला. तो भुरका मारी, नाक पुशी, पुन्हा भुरका मारी. नलूचं रडणं कधी थांबलं तिलाही कळलं नाही. रस्त्याने जाणारे पाहत होते. देवकाबाई त्यांच्याकडे पाहून आणखी वाढून घेत होती.

देवळाच्या भोंग्यावर कीर्तन रंगलं होतं. महाराजांनी गेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. लीलाबाईंच्या सासूच्या आवडीची कढी. वासुदेवरावांच्या आवडीचं भरीत. देवकाबाईचा हात परातीवर थांबला. नावं संपली. रूपराव आला नाही.

पुढे गोपाळ आले, शिदोऱ्या सुटल्या, यमुनेचा काठ आला. आणि तिथे महाराजांचा आवाज अडला. भोंगा नुसता खरखरत राहिला. लोकांना वाटलं बॅटरी गेली. मग आवाज आला तो थेट दहीहंडीचा. मासोळ्या झालेले देव त्या वर्षी नाचणगावच्या कीर्तनात आलेच नाहीत.

गोमाजीने घास खाली ठेवला. भोंग्याकडे पाहिलं, मग पुरत्या आवाजात, रस्त्यापर्यंत जाईल असं म्हणाला, "रूपराव! तुह्या आवडीचं होतं रे बाबू. म्या खाल्लं."

देवकाबाईने पदर डोळ्याला लावला, पण क्षणभरच.

"तुमच्याकडं बाबा गेले ना मांगच्या साली? जंगलूबाबा. त्याइचं नाव घेतलं होतं काय महाराजानं?"

गोमाजी हसला. "आमच्याकडं बंडी येतच नाई वहिनी. नाल्यापासून माघारी फिरते. कधीचीच."

देवकाबाईने त्याच्या पुढ्यात आणखी रस्सा वाढला. मग विचारलं, "काय आवडे त्याइले?"

"मोहाचे फुलं उकडून, तीळ कुटून घातलेले."

"पुढच्या काल्याले हे बी रांधू. इथंच, अंगनात."

दुसऱ्या चैत्रात बंडी फिरायच्या आदल्या दिवशी अण्णाजी स्वतः देवकाबाईकडे आले, बरोबर दोन पंच. गावात कुजबुज झाली होती, महाराजांनी जामहून काही निरोपही धाडला होता म्हणे. अण्णाजी खाटेवर बसले, नलूने चहा आणला.

"देवकाबाई, झालं गेलं. उद्या तुमचा वाडगा द्या. तुमच्या तिकडचाच द्या. कोनी काई म्हननार नाई."

देवकाबाई मोहाची फुलं निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"देईन ना. आनंदानं देईन. तुमची बंडी नाला ओलांडून गोमाजीभाऊजीच्या दारात जाऊ द्या. तिथून वळली का माह्या दारी आना."

 थोड्या वेळाने तिघंही उठले. चहा तसाच राहिला होता, वर साय धरून.

देवकाबाई होती तोवर बंडीने नाला ओलांडला नाही, आणि तिनेही वाडगा दिला नाही. दर काल्याला कडुनिंबाखाली पाट मात्र पडत राहिले.

तेव्हा बापहो, मायबायांनो, एवढंच मागणं आहे. घरी जाल, पानावर बसाल, पुढ्यात तुमच्या आवडीचं येईल, मग ते वांगं असो की आणखी काही. पहिला घास घेण्याआधी एकदा रूपराव म्हणा. मोठ्याने म्हणा, शेजारी ऐकलं तर ऐकू द्या. आणि त्याच दमात जंगलूही म्हणा.