अख्खा सदरा

"म्हणजे कपड्यांचा कारखाना इथे होणारच नाही?" मास्तरणीने पुन्हा विचारलं.

"बाई, असं कसं म्हणता? कारखाना होणार. फक्त बंदराजवळ होणार." टायवाला गोड हसला. परदेशी कंपनीचा हा इथला माणूस. "तिथे रस्ते आहेत, जहाजं आहेत, वीज जात नाही. मुलींची राहायची सोय आम्ही करतोय. उद्या सकाळी बस येईल."

"अहो, पण तिकडे आधीच ढीगभर कारखाने आहेत!"

"म्हणून तर."

म्हणून तर! ज्याचं पोट टम्म भरलंय त्याच्याच ताटात आणखी वाढा, आणि उपाशी बसलेल्याला म्हणा, ऊठ, तूही तिकडेच ये. मास्तरणीच्या ओठांवर शिवी आली होती, पण समोर तिच्या शिवणवर्गातल्या मुली बसल्या होत्या.

गावाबाहेरच्या माळावर सरकारने कंपनीसाठी कुंपण घातलं होतं, मोठं फाटक बसवलं होतं. फीत कापायला मंत्री आले तेव्हा ऐनवेळी कात्री सापडेना, म्हणून मास्तरणीचीच नेली होती. त्या सगळ्या थाटामाटातून गावाला परत काय मिळालं, तर ती कात्री.

त्याच भरात तिने बाजारातलं आपलं शिवणकामाचं दुकान बंद केलं आणि कंपनीच्या वर्गावर शिकवायला लागली. कंपनीची पद्धत न्यारी. एका मुलीने एकच काम शिकायचं. एकीने खिसा, एकीने बाही, एकीने नुसती काजं. हात भराभर चालतो म्हणे. "अगं, ही काय शिवण झाली?" असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. मग तिलाही ते पटलं. तिच्या लेकीला मिळाली कॉलर. सगळ्यांत अवघड काम, सगळ्यांत जास्त पगाराचं. मास्तरीण हरखून गेली. कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होणार, लेक डोळ्यांसमोर राहणार, आणखी काय हवं? बाकीचं शिकवू की सावकाश, पोरगी कुठे पळून चाललीय!

आता पोरगी पिशवी भरत होती.

"नको जाऊस," मास्तरीण म्हणाली. "आपण दुकान पुन्हा उघडू. दोघी मिळून चालवू."

"आणि मी तिथे करू काय?"

"काय म्हणजे? शिवायचं!"

"आई, मला कॉलर येते. नुसती कॉलर शिवून घ्यायला गावात कोण येणार आहे?"

"शिकवते ना मी. सगळं शिकवते."

"तुला दोन वर्षं होती." लेकीने पिशवीचा बंद ओढला. "घरी मशीनला हात लावला की म्हणायचीस, कॉलरचाच सराव कर, हात बिघडेल."

म्हणाली होती खरी. मास्तरणीला स्वतःचा इतका राग आला, की टायवाला त्यापुढे बरा वाटला. तो निदान परका होता. लेकरू घरात राहावं म्हणून तिने जे केलं, त्यानेच लेकरू घराबाहेर निघालं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

सकाळी बस आली. शेजारची इस्त्रीवाली मावशी निरोपाला आली होती. लेक आतून बाहेर आली ती नवाकोरा निळा सदरा घालून.

"ओळख, कोणी शिवलाय?"

"कोणी गं?"

"मी! कापण्यापासून सगळा. मावशीकडे बसून शिवला. बस येणार हे कळायच्या आधीपासून. तुला दाखवायचा होता."

मास्तरणीने पाहिलं. कॉलर अशी बसली होती, की तिला स्वतःलाही तशी जमली नसती. मग नजर खांद्यावर गेली. डावी बाही उजवीकडे लागली होती, उजवी डावीकडे. मुंढ्यापाशी कापड ओढलं जात होतं, काखेत झोळ आला होता. तिचा हात आपसूक कात्रीकडे गेला. दोन्ही बाह्या उसवून नीट लावायला कितीसा वेळ लागतो! पण ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि लेक तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

"छान झालाय," मास्तरीण म्हणाली. "सांभाळून राहा."

लेक बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. बस हलली तशी तिने हात उचलला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. तिने नुसता पंजा हलवला आणि हात खाली घेतला.

"बघितलंस?" इस्त्रीवाली मावशी म्हणाली. "नोकरीवर पोचली नाही अजून, तोवर ऐट आली. आईला धड हातसुद्धा करेना."

"ऐट नाही गं," मास्तरीण म्हणाली. "तिची बाही अडकतेय. बाही लावायला मी शिकवलंच नाही तिला."