आरास आणि दोनशे चौदा जनावरं

रिटायर झालेल्या माणसाला कुठला ना कुठला किडा चावतोच. कुणी पहाटे उठून योगासनं करतो, कुणी चहाच्या टपरीवर बसून देश चालवतो. राजानंद सरांना मात्र त्यांचा किडा रिटायर व्हायच्या तीस वर्षं आधीच चावला होता. ते जनावरं जमवायचे. शेण टाकणारी, हंबरणारी नव्हेत; मुकी, इवलीशी. अंगठ्यापेक्षा मोठं जनावर घरात घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. चहापत्तीच्या पुड्यात फुकट निघालेला वाघ, जत्रेतलं काचेचं बदक, पितळी कासव, साबणातून कोरलेला ससा, लेकीच्या पेन्सिलीच्या टोकावरचा हत्ती, अशी सगळी मिळून सहाशे चौदा जनावरं बैठकीतल्या काचेच्या कपाटात दाटीवाटीनं उभी होती.

तसे ते खरे सर नव्हतेच. एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. जन्मभर त्यांनी बरणीतल्या मेलेल्या बेडकांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि नोकरीत असताना त्यांना कुणी सर म्हटलं नाही. रिटायर होऊन तीर्थपुरीच्या कॉलनीत घरी बसले तेव्हा सगळी गल्ली सर म्हणायला लागली. चिठ्ठ्यांची सवय मात्र घरी आली. प्रत्येक जनावराच्या पोटाखाली बारीक कुंचल्यानं काळ्या शाईत नंबर, आणि जाडजूड रजिस्टरात नोंद: नंबर, नाव, कुठून आलं, शेरा. "आपल्या लग्नाचा एक फोटो ह्या घरात सापडायचा न्हाई," कांताबाई, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला सांगायच्या, "पण तीनशे बारा नंबरच्या उंदराचं शेपूट कोणत्या तारखेला तुटलं, ते विचारा. जल्दी सांगतेत."

रजिस्टरात पहिल्या नंबरला होता मातीचा बैल. सरांचे वडील रामकिसन केदारखेड्याला एका जमीनदाराकडे सालगडी होते. पोळ्याला मालकाच्या बैलांना नाहू घालायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, मिरवून आणायचं आणि मालकाच्या दारात नेऊन बांधायचं, एवढा त्यांचा पोळा. स्वतःच्या दारात बैल नव्हता. सर आठ वर्षांचे असताना एका पोळ्याला रामकिसननं येताना ओढ्याची चिखलमाती आणली आणि अंगठ्याएवढा बैल करून पोराच्या हातावर ठेवला. एक शिंग जाड, एक बारीक. म्हणाले, "घे. ह्यो आपला." भट्टीत भाजलेला नव्हता, नुसता उन्हात वाळलेला. चोपन्न वर्षं तो टिकला, कारण सरांनी त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

एवढं सगळं खरं, पण बघायला कोण येणार? पुण्याची लेक मोनाली म्हणायची, "पप्पा, धूळ कोण पुसणार हो?" जावई कपाटाकडं पाठ करून मोबाइल बघायचा. कौतुकाला भुकेलेला माणूस आणि उन्हाळ्यातली शेळी, कुणी पाला दाखवला की निघाली मागं.

पाला दाखवला गिरिजाबाईंनी.

गिरिजाबाई शेजारच्या. खेड्यातली जमीन बटईनं देऊन, पोरांच्या शिक्षणासाठी तीर्थपुरीत बंगला बांधून राहिलेल्या. दोन्ही घरांत भिंत एकच, आणि बारा वर्षांत ती ओलांडून कुणी कुणाला वाईट शब्द बोललं नव्हतं. गिरिजाबाई फार गोड. इतक्या गोड की कांताबाईंनी चहा विचारला की दरवेळी त्यांचा आत्ताच झालेला असायचा, नाहीतर सोमवार असायचा, नाहीतर चतुर्थी, नाहीतर पित्त. बुद्ध पौर्णिमेला खिरीची वाटी दिली तर "शुगर हाय हो मला." आणि संध्याकाळी त्याच बाई अंगणात बसून जिलेबी खायच्या. कांताबाईंना सगळं कळायचं. सरांनाही कळायचं, पण ते म्हणायचे, "असंल बाई शुगर. रिपोर्ट पाह्यला का तू?"

त्या वर्षी गावातल्या महिला मंडळानं महालक्ष्म्यांच्या आराशीची स्पर्धा ठेवली. विषय वनसंपदा, पहिलं बक्षीस मिक्सर. गिरिजाबाईंच्या घरात दोन मिक्सर होते, पण जिंकलेला मिक्सर वेगळा. त्यांच्या दोन महालक्ष्म्यांसमोर अख्खं जंगल उभं राहायला हवं होतं, आणि तयार जंगल भिंतीपलीकडं होतं. महालक्ष्म्या बसायच्या चार दिवस आधी त्या नव्या सुनेला, तृप्तीला, घेऊन आल्या. बारा वर्षं फाटकातून बोलणाऱ्या बाई थेट बैठकीत येऊन कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"अगं बाई! काय हो हे भाऊ! ह्याला म्हणतेत कला!"

आजवर सर 'ते सर' होते. आता चपला काढेपर्यंत ते भाऊ झाले. सरांचा चेहरा असा खुलला की कांताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच कपाळाला हात लावला.

बाईंनी आराशीपुरती जनावरं मागितली, आणि सरांनी देण्याघेण्याचा कायदा सांगितला. एकेक जनावर मी काढणार, तुम्ही नंबर वाचायचा, मी टिक करणार, शेवटी सही करायची. बाईंनी मान डोलवली. "बिलकुल! वस्तू परक्याची, हिशेब बराबर पाह्यजे." मग तीन तास ती मोजणी चालली. तृप्ती पोटाखालचे नंबर वाचत होती आणि सर प्रत्येकाची जन्मकथा सांगत होते. हा जिराफ परतूरच्या स्टँडवर मिळाला. ही गोगलगाय दाताच्या डॉक्टरानं दिली. तृप्ती खरंच ऐकत होती, मधूनमधून प्रश्नही विचारत होती. गिरिजाबाई "हो का! हो का!" करत जांभया गिळत होत्या.

आणि दोनशेव्या जनावराला कांताबाईंनी चहा आणला. न विचारता. चार कप, ट्रेमध्ये. परीक्षाच घ्यायची होती त्यांना.

गिरिजाबाईंनी कपाकडं पाहिलं. मग कपाटाकडं पाहिलं. मग कप उचलला, फुंकर मारली आणि पिऊन टाकला. "आलं बराबर टाकलं हो ताई," वर कौतुकही केलं.

झालं. सरांना आभाळ ठेंगणं झालं. बारा वर्षांची भिंत एका घोटात खाली आली, असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. नेमक्या त्याच वेळी बाई म्हणाल्या, "भाऊ, तो वरचा मातीचा बैल पण द्या की. एवढा कळप हाय, पुढं म्होरक्या पाह्यजे."

हा बैल सरांनी आजवर जावयाच्याही हातात दिला नव्हता. पण चहा पिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी बैल काढला, कापसात ठेवला आणि तीनतीनदा सांगितलं, "कच्ची माती हाय. ओल्या हातानं धरायचं न्हाई. पाणी तर लावायचंच न्हाई."

"जिवापाड जपते," गिरिजाबाई म्हणाल्या. दोनशे चौदावी टिक झाली, खाली सही झाली.

त्या गेल्यावर सर बायकोकडं बघून म्हणाले, "बघितलं? तू उगाच त्या बाईवर संशय घेत होतीस."

"बघितलं की," कांताबाई कप गोळा करत म्हणाल्या. "एका चहात बापाचा बैल दिला तुम्ही. लय महागाचा चहा झाला."

सरांना ते मुळीच आवडलं नाही. दोन दिवस त्यांनी बायकोशी धड बोलणं ठेवलं नाही.

महालक्ष्म्यांच्या पूजनाच्या दिवशी दुपारी सर इस्त्रीचा सदरा घालून, रजिस्टर काखेत मारून शेजारी गेले. कांताबाईंनी "मला भाकरी टाकायच्यात" म्हणून टाळलं. आरास मात्र झकास होती. हिरव्या गवताच्या चटईवर आरशाचं तळं, कापसाचे ढग, आणि सगळीकडं सरांची जनावरं. परीक्षक बाया फोटो काढत होत्या, गर्दी वाहवा करत होती. सर कोपऱ्यात उभे राहून स्वतःचं कौतुक दुसऱ्याच्या नावानं ऐकत होते आणि तरी खूश होते. असा भोळा माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

मग त्यांच्या लक्षात आलं की जनावरं फार चकाकतायत. त्यांनी जवळचा हत्ती हळूच उचलून उलटा केला. पोट कोरं. ससा उलटा केला. कोरा. साबणाचा ससा तर अर्धा झाला होता, कान गेले होते. त्यांनी नाकाशी नेला. शाम्पूचा वास, आणि त्याखाली गोठ्याचा.

तृप्ती पाणी घेऊन आली. तिनं सशाच्या कोऱ्या पोटावरचा सरांचा अंगठा पाहिला. "नंबर निघून गेले ना सर? मी म्हणलं होतं आईंना. त्या म्हणल्या, देवापुढं ठेवायचे तर शुद्ध करून घ्यावे लागतेत. आधी गोमूत्रात बुडवले, मंग शाम्पू. दाताच्या ब्रशनं मीच घासत बसल्ते."

"आणि बैल?"

पोरगी खाली बघायला लागली. "तो बादलीतच इरघळला. मी हात घातला तवर नुसता गाळ होता. आईंनी दुसरा आणलाय."

कळपाच्या पुढं चिनी मातीचा, सोनेरी शिंगांचा, गळ्यात लाल गोंडा घातलेला बैल उभा होता. सर त्याच्याकडं बघत राहिले. वडील पुन्हा एकदा गेले, असंच वाटलं त्यांना. त्यांनी नजर वळवली तर त्या नव्या बैलाच्या शेजारी एक प्लास्टिकचं हरीण दिसलं. तेही नवं. त्याच्या मागच्या पायावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती: तीस रुपये. पलीकडच्या मोरावरही चिठ्ठी. माकडावरही. सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या, कडक, एकही ओली झालेली नाही. आयुष्यभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या माणसाला ओली आणि कोरडी चिठ्ठी बरोबर ओळखता येते.

सर पाणी न पिता घरी आले. सगळं सांगितलं. कांताबाई 'मी म्हणलं न्हवतं का' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तवा खाली उतरवला आणि नवऱ्याशेजारी येऊन बसल्या, आणि दुपारचं जेवण त्या दिवशी कुणीच केलं नाही.

पहिलं बक्षीस अर्थातच गिरिजाबाईंना मिळालं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपली घेऊन हसतमुखानं आल्या, मागं तृप्ती.

"मोजून घ्या भाऊ. दोनशे चौदा बराबर हायत. तो बैल जरा खराब झाला, पण त्याच्या बदली हा बघा, कसला भारी हाय! तुमच्या त्या मोडक्या शिंगाच्यापेक्षा दसपट."

सरांनी रजिस्टर उघडलं. "एकशे सात नंबर द्या."

बाईंनी टोपलीत चाळवाचाळव केली. "नंबर कुठं राह्यलेत भाऊ? हत्ती म्हणा, घोडा म्हणा, तसं देते."

"हत्ती सतरा हायत माझ्याकडं. कोणता कुठून आला, हे त्या नंबरावर लिहिल्तं."

"आता काय करावं बाई. देवाचं काम! मी काय मुद्दाम केलं का? देवापुढं ठेवायचं म्हणल्यावर सगळंच धुऊन घ्यावं लागतं."

"सगळंच?"

"सगळंच."

"मंग त्या हरणाच्या पायावर तीस रुपयांची चिठ्ठी तशीच कशी राह्यली? मोराच्या? माकडाच्या?"

"ते?" गिरिजाबाई पटकन म्हणाल्या. "ते तर दुकानातून आणल्तं."

बोलून गेल्या आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तृप्तीला तर आधीच ऐकू आलं होतं. तिनं सासूकडं पाहिलं आणि तिचा चेहरा शरमेनं लाल झाला. बाईंनी पदर सारखा केला आणि टोपली ह्या हातातून त्या हातात घेतली.

"टोपली ठेवा," सर म्हणाले. "जनावरं माझी हायत, मी घेतो. हा सोनेरी शिंगाचा तेवढा घेऊन जा. तो माझा न्हाई. माझा माझ्या बापानं केल्ता, मालकाच्या बैलांना दिवसभर धुऊन आल्यावर. तो तुम्ही बादलीत घातला. ह्याची भरपाई तुमच्या मिक्सरात व्हायची न्हाई. आणि ह्यापुढं ह्या कपाटातलं एक मुंगीएवढं जनावर तुम्हाला मिळायचं न्हाई."

गिरिजाबाईंना ह्या सगळ्यात शेवटचं वाक्य लागलं. "असं कसं भाऊ? पुढच्या वर्षी पाण्यातले जीव हायत विषयाला. तुमची कासवं, मासे, मी गृहीत धरूनच बसले. मंग मी मांडू काय?"

"दुकानातून आणा," सर म्हणाले. "धुवायची दगदग वाचंल."

कांताबाई आत मोठ्यानं हसल्या, भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या. सरांना हसू आलं नाही. बाई सोनेरी शिंगांचा बैल मुठीत धरून फाटकाबाहेर गेल्या. तृप्ती मागं थांबली, "सर, मी येऊ का मदतीला? मला बरेचसे नंबर आठवतेत," म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चप्पल काढून आत आली.