लाल ठिगळाचे पॅराशूट

मित्रांनो, मी एक जुने पॅराशूट आहे. पण माजलगावात मला सगळे 'पाशाभाईंचा मांडव' म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा अमेरिकेने भारताला लष्करी मदत पाठवली. त्यात मीही आले. मला वाटले, केवढे हे प्रेम! इथे मला विमानात चढवताना एक सुभेदार हसून म्हणाले, "प्रेम कसलं? चीनचा कम्युनिझम इकडे पसरू नये, म्हणून ही मदत." मी जरा हिरमुसलेच. पण हिमालयातल्या चौकीवर मी तांदळाची पोती अलगद उतरवली आणि उपाशी जवान धावत आले, तेव्हा माझी छाती फुगली. देणाऱ्याच्या मनात काही का असेना, त्या रात्री चौकीवर भात शिजला.

पुढे लष्करी मालाच्या लिलावातून मी भाड्याने मांडव घालणाऱ्या पाशाभाईंच्या वडिलांकडे आले. लग्न, उरूस, सप्ताह, सगळ्यांना मी सावली दिली. मग एका खिळ्याने मला भोक पाडले. कुणी लक्ष दिले नाही आणि ते वाढतच गेले. गेल्या मे महिन्यात पाशाभाई म्हणाले, "आता हा शेवटचा मांडव. मंग कापून फळांच्या गाड्यांवर झाकायला देतो." मला फार वाईट वाटले.

तो मांडव होता ऊसतोड कामगारांच्या मेळाव्याचा. जिकडेतिकडे लाल झेंडे. चक्क कम्युनिस्टांचा मेळावा! अंबाजोगाईला कॉलेजात इतिहास शिकलेल्या अंगद नावाच्या कार्यकर्त्याने माझ्या काठावरची अमेरिकी लष्कराची इंग्रजी अक्षरे वाचली आणि तो भडकला.

"पाशाभाई, हे कामून लावलं? अमेरिकेनं आपल्यालाच अडवायला धाडलं व्हतं हे. उतरवा!"

त्याने एक दोरी सोडलीसुद्धा. बायकांच्या मांडीवरची लेकरे उन्हात आली. तेवढ्यात चाळीस वर्षे कोयता चालवलेल्या छबुबाई उठल्या.

"लई शिकलास बाबा! सावली काय पक्ष इचारून पडती का? लेकरं भाजायलीत. बांध ती दोरी."

अंगदने दोरी पुन्हा बांधली. तरी भोकातून एका तान्ह्याच्या तोंडावर ऊन पडतच होते. मेळावा संपल्यावर छबुबाईंनी मला खाली घ्यायला लावले, एक जुना झेंडा फाडला आणि त्याचे ठिगळ मला स्वतःच्या हाताने लावले. पाशाभाई बघत राहिले. मग माझी नीट घडी घालत म्हणाले, "आता न्हाई कापत."

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा टाकून देऊ नका. भोक लहान आहे तोवरच शिवून घ्या. ज्यांना अडवायला मला पाठवले होते, त्यांच्याच झेंड्याने मला वाचवले. ते ठिगळ मी मोठ्या ऐटीत मिरवते.