तुळसाचे तोडे

माझा स्वभाव तापट. तापट माणसाला आपण शिस्तीचे आहोत असं वाटत असतं. १९५४ साली मी डोंबिवलीत मुलींचा व्यायामवर्ग चालवत होते, तेव्हा मलाही तसंच वाटायचं. अंगाने सुटलेल्या, लघवीतून साखर जाणाऱ्या मुली कल्याणच्या एक डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाठवत. सूर्यनमस्कार, लेझीम, रोज दोन मैल चालणं, गुळाचा चहा बंद, भात एकदाच वाढून घ्यायचा. शनिवारी शेजारच्या मिठाच्या गोदामात एकेकीला मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवून मी वजन मोठ्याने सांगे. चारचौघींत ऐकलं की खाणारा हात आवरतो, असं माझं म्हणणं.

तुळसा कोपरहून चालत यायची. वय सतरा. वडील राघो पूर्वी मिठागरात राबलेले, आता जमीनवाले. तिचं लग्न ठरत होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साखर उतरली नाही तर पहिल्याच बाळंतपणात पोरीच्या जिवावर बेतेल. पोर मन लावून करायची. दोन महिन्यांत तीन शेर उतरली.

मग साखरपुडा झाला आणि ती पायांत चांदीचे जाडजूड तोडे घालून आली. लेझमीच्या तालात ते एकमेकांवर आपटायला लागले, तसं माझं डोकं फिरलं.

"इथे दागिने मिरवायला येतेस का गं?"

"सासरच्यांनी घातलंय बाई. लगीन होईपर्यंत काढायचं नसतं."

"मग निदान आवाज तरी बंद कर!"

दुसऱ्या दिवशी तिने तोड्यांना फडकी गुंडाळली. आवाज थांबला आणि तोडे माझ्या डोक्यातून गेले ते गेलेच.

शनिवारी काटा सव्वा शेर वर. "लबाड!" मी ओरडले. "साखरपुड्याचे लाडू चापलेस ना? मला फसवतेस की स्वतःला?" पोरी खिदळल्या. तुळसा पारड्यातून उतरली, पदर सावरला आणि चालती झाली. सोमवारी ती आली नाही.

पंधरवड्याने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली. तुळसाची साखर जवळजवळ गेली आहे, आता तिचा वर्ग मोडू देऊ नका. मी बुचकळ्यात पडले. वजन वाढलं आणि साखर उतरली? मी कोपरला गेले.

तुळसा अंगणात बसून पाय धूत होती. फडकी दोरीवर वाळत होती, तोड्यांखालची कातडी सोलवटली होती. ती चांदी बघितली आणि मला त्या सव्वा शेराचा हिशेब लागला. मीच झाकायला लावलेला तो भार मी तिच्या अंगाचा म्हणून मोजला होता.

"तेव्हाच सांगितलं का नाहीस गं?"

"तुमीच म्हनलात, मिरवायला येते. भार सांगितला असता तर अजून मिरवल्यासारखं झालं नसतं का?"

तिची आई ठमाबाई मला पाणी घेऊन आली. "त्या दिसापासून पोर अर्धीच भाकर खाते, बाई. म्हनते, मी लबाड हाय."

मी पाणी तसंच खाली ठेवलं. "शनिवारी ये," मी म्हणाले. "माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगते." अगदी शब्द दिला.

ती आली. तशीच चालत, फडकी गुंडाळून. पंधरा पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला काय बोलायचं ते पाठ होतं. पण ज्यांना रोज टाकून बोलायचं, त्यांच्यापुढे जीभ वळेना.

"त्या दिवशी," मी म्हणाले, "काटा अडकला होता."

तुळसाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"व्हय," ती पोरींना म्हणाली, "काटाच अडकला व्हता."

मग ती पारड्यात बसली आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून तोडे घातलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. त्या दिवशी वजन मला मोठ्याने सांगता आलं नाही.